उजवीकडचा रकाना

वहीच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोलिश.
आमचं शहर वुच; अर्थ विचाराल तर नाव.
नावेच्या नावाचं शहर, आणि नदी
कधीचीच पाइपात घालून जमिनीखाली पुरलेली.

दर गुरुवारी बंद गिरणीच्या जुन्या बालवाडीत
भरतो माझा वर्ग. खुर्च्या अजून मुलांच्याच.
नऊ जण गुडघे हनुवटीशी घेऊन बसतात
आणि मी लाल पेन घेऊन.

गेनोवेफाबाई पहिल्या रांगेत. वय एकोणसत्तर.
उजवा कान मागांच्या खडखडाटाने नेला,
म्हणून डावा माझ्याकडे करून.

त्यांची वही:
रूम – पोकुय.
पीस – पोकुय.
खाली बारीक अक्षरात:
'खोलीला आणि शांततेला आम्हांला एकच शब्द पुरतो.
इंग्रजांची घरं मोठी असणार.'
मी हसले, बरोबरची खूण केली.

फॅब्रिक – फाब्रिका.
इथे मात्र फुली. समासात लिहिलं:
फॅब्रिक म्हणजे कापड, फाब्रिका म्हणजे कारखाना.
चेहऱ्यावर जाऊ नये.
पुढच्या गुरुवारी फुलीखाली उत्तर:
'एकवीस वर्षं मी फाब्रिकात गेले
आणि रोज केसांत फॅब्रिक घेऊन घरी आले.
फुली खोडावी, ही विनंती.'
खोडली नाही. नियम तो नियम.

चौदाव्या धड्यानंतर त्या मागे थांबल्या,
कोटाची बटणं लावत, एक चुकवत.
'बाई, एक गाव विचारायचं होतं.'

ब्याण्णव साली माग विकले तेव्हा
परदेशी माणूस आला, पांढरा रंग आणि ब्रश घेऊन.
मागामागावर लिहीत गेला, कुठे कोणता जायचा ते.
काहींवर इझमीर, काहींवर लाहोर.
त्यांच्या एकशे चौदा नंबरवर
पाच अक्षरं. त्यांनी ती उतरवून घेतली
कँटीनच्या कुपनामागे. कुपन अजून पाकिटात होतं.

स्क्रॅप.

'नकाशात सापडलं नाही. लहानसं असेल.
इतकंच मनात येतं, तिथली बाई डावखुरी नसावी.
एकशे चौदाचा दांडा जरा अडतो,
खालून गुडघ्याने ढोसावं लागतं,
हे तिला कोणी सांगितलं असेल का?'

झ्वोम, माझ्या जिभेवर आलं. भंगार.
पण शब्दकोशात त्याच ओळीत, स्वल्पविरामापलीकडे,
दुसरा अर्थ बसला होता. मी तोच उचलला.
'गाव नाही हो ते. स्क्रॅप म्हणजे स्क्रावेक.
कापडाचा उरलेला तुकडा. काहीतरी खूण असेल.'

'नो,' त्या म्हणाल्या.
आमच्या भाषेत 'नो' म्हणजे हो, बरं, असं का.
मला तो त्या वेळी
दोन्ही रकान्यांत ऐकू आला.

पुढच्या गुरुवारी वही सगळ्यांत वर होती.
स्क्रॅप. रेघेच्या उजवीकडे शब्द नाही;
बोटभर निळ्या चौकडीचं कापड, खळीने चिकटवलेलं,
एक कड सुटून वर आलेली.
त्याखाली पेन्सिलने, दाबून: झ्वोम.
आणि मला उद्देशून:
'लायब्ररीत जाऊन बघितलं.
तुम्ही चांगल्या आहात.
पण शब्द शिकवायचा तर पूर्ण शिकवावा.'

पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

पंधरावा धडा हवामानाचा.
'इट इज रेनिंग,' मी म्हटलं.
बाहेर कोरडं होतं. आठ जणांनी लिहून घेतलं.
गेनोवेफाबाईंनी आधी खिडकीबाहेर बघितलं,
मग डावा कान माझ्याकडे केला.